मदत हवी आहे: लुव्हेनच्या मानचिन्हातील पांढरा पट्टा आला कुठून?

बेल्जियममधील लुव्हेन शहराच्या मानचिन्हाविषयी, म्हणजे ढालीवर दाखवल्या जाणाऱ्या त्याच्या अधिकृत चिन्हाविषयी, जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गेंटचा सिंह किंवा अँटवर्पचा किल्ला आणि त्यावरचे तुटके हात पाहिल्यावर लुव्हेनची ढाल फारच मोकळी वाटते: तांबडी जमीन आणि मधोमध आडवा रुपेरी, म्हणजेच पांढरा, पट्टा, एवढेच.

प्रचलित कथा अशी, की 891 मध्ये पूर्व फ्रँकिश राजा आर्नुल्फने लुव्हेनजवळ दैले नदीकाठी तळ देऊन बसलेल्या नॉर्मनांचा (व्हायकिंगांचा) पराभव केला, तेव्हा दोन्ही काठ रक्ताने लाल झाले, मधून पांढरे पाणी वाहत राहिले आणि तेच दृश्य पुढे ढालीवर आले. लढाई खरीच झाली होती. मात्र फुल्डाच्या समकालीन इतिवृत्तानुसार पळणारे नॉर्मन इतके बुडाले की प्रेतांनी नदीचे पात्रच अडले. अशा नदीचे पाणी पांढरे कसे राहिले, हे कथाकारच जाणोत. शिवाय ढालींवर वंशपरंपरागत चिन्हे वापरण्याची पद्धत पश्चिम युरोपात रुजली ती बाराव्या शतकात, म्हणजे या लढाईनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी.

ऑस्ट्रियाची ढालही अशीच तांबडी-पांढरी-तांबडी आहे आणि तिचीही कथा रक्ताचीच: 1191 मध्ये धर्मयुद्धातील अक्रा (एकर) शहराच्या वेढ्यात ड्यूक लिओपोल्ड पाचवा याचा अंगरखा रक्ताने माखला आणि कमरपट्टा सोडल्यावर तेवढीच जागा पांढरी राहिली. ढाल आधीची आणि कथा मागाहून जोडलेली, असा संशय मला दोन्हीकडे येतो.

दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. लुव्हेनचा काउंट गॉडफ्री पहिला याला 1106 मध्ये खालच्या लोथरिंगियाची, म्हणजे लुव्हेनचा परिसर ज्यात मोडे त्या डचीची (ड्यूकच्या प्रदेशाची), ड्यूकपदवी मिळाली. ही ढाल त्या डचीची मानली जाते, आणि शहराने ती आपल्या धन्याकडून घेतली असावी. अडचण एवढीच, की त्याचे वंशज असलेल्या ब्राबांटच्या ड्यूकांच्या ढालीवर काळ्या जमिनीवर सोनेरी सिंह आहे. मग त्यांच्याच मूळ शहराने सिंह सोडून पट्टा का घेतला?

हा पट्टा लोथरिंगियाचा असल्याचा तेराव्या शतकातील काही पुरावा आहे, की हा संबंध नंतरच्या मानचिन्हकारांनी जुळवला? मेणाच्या मुद्रेवरून रंग कळत नाहीत, त्यामुळे ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयातील चौदाव्या शतकातील गेल्रे ढालसंग्रहासारख्या एखाद्या रंगीत हस्तलिखिताचा दाखला मिळाल्यास विशेष उपयोग होईल. मजकूर डच किंवा फ्रेंच असला तरी चालेल.