मदत हवी आहे: शाळेच्या टोर्नॅडो शेल्टरसाठी उरलेले 25 टक्के कुठून आणायचे?

आम्ही ओक्लाहोमात राहतो. मुलीची सरकारी शाळा जुनी आहे. भोंगा वाजला की मुलांना आतल्या कॉरिडॉरमध्ये डोकं झाकून बसवतात. मे 2013 मध्ये मूर इथल्या प्लाझा टॉवर्स शाळेत टोर्नॅडोने सात मुलांचा जीव घेतला, तिथेही शेल्टर नव्हतं. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मला सहन होत नाही.

फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) हॅझर्ड मिटिगेशन, म्हणजे आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीच्या अनुदानातून शेल्टरचा 75 टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो. अडलंय उरलेल्या 25 टक्क्यांपाशी. शाळेसाठी बाँड (कर्जरोखे) काढायला इथे मतदानात 60 टक्के मतं लागतात आणि आमचा प्रस्ताव थोडक्यात पडला. शिवाय स्कूल डिस्ट्रिक्टने (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) किती कर्ज काढायचं हे तिथल्या मालमत्तेच्या करमूल्यावर ठरतं, म्हणजे गरीब गावातल्या मुलांनी कॉरिडॉरमध्येच बसायचं! हा भार राज्याने उचलायला हवा असं माझं ठाम मत आहे, पण तोवर थांबता येणार नाही.

पालकांकडून वर्गणी काढली, ती फारच तोकडी पडली. नवी इमारत शक्य नाही. अख्खी शाळा मावेल असं, फेमा पी-361 (सुरक्षित शेल्टर कसं बांधायचं याची फेमाची मार्गदर्शिका) च्या निकषांचं शेल्टर हवंय.

ओक्लाहोमा, कॅन्सस किंवा टेक्सासमध्ये कुणी हे काम केलंय का? दान मिळालेली जागा, साहित्य किंवा मजुरी त्या 25 टक्क्यांत धरून घेतली का, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागली?