डायनोच्या कागदावरील 142 बीएचपी खरे मानायचे का?

वर्धाकाठ, हिंगणघाट
आपल्या तालुक्यातील एका भाऊंनी काल लिहिले, की पोलो जीटी 1.0 टीएसआय गाडीचे रिमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातील मॅप म्हणजे सेटिंग बदलणे) केल्यावर पुण्यातील डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाकांपाशी 121 बीएचपी मिळाले, इंजिनापासून चाकांपर्यंत 15 टक्के घट धरली की इंजिनाचे 142 होतात, आणि कंपनीची 110 पीएसची (पीएस हे बीएचपीच्या जवळपासचेच माप) गाडी तीस टक्क्यांनी ताकदवान झाली. गावातील दोन मुले तो कागद पाहून उसनवारीने तेच करायला निघाली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांच्याच आलेखात 4,000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 240 एनएम आणि पॉवर 114 बीएचपी आहे. टॉर्कला आरपीएमने गुणून 9,549 ने भागले की किलोवॅट मिळतात. ते येथे 100.5, म्हणजे सुमारे 135 बीएचपी येतात. एकाच क्षणी एकाच ठिकाणी 135 आणि 114 असे दोन्ही आकडे खरे असू शकत नाहीत. टॉर्कची रेघ इंजिनाची आणि पॉवरची रेघ चाकांची आहे, म्हणजे 15 टक्क्यांचा अंदाज टॉर्कमध्ये आधीच मिसळलेला आहे. कोपऱ्यात ‘एसटीडी’ लिहिले आहे, म्हणजे हवामानानुसार आकडा दुरुस्त करण्याची एक पद्धत; एसएई जे1349 या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे काढल्यास आकडा साधारण 4 टक्क्यांनी उतरेल. सर्वांत मोठी उणीव ही, की रिमॅपपूर्वीची चाचणी त्या डायनोच्या रोलरवर घेतलेलीच नाही.

लालपोलो
आपण स्वतः कधी डायनोवर गाडी चढवली आहे काय? 15 टक्के सगळेच धरतात. समृद्धी महामार्गावर माझी गाडी आता कशी ओढते, हे मी दर आठवड्याला अनुभवतो. घरी बसून भागाकार करणाऱ्याने माझ्या कष्टाच्या पैशांना खोटे ठरवू नये.

काळीमाती, दारव्हा
गाडीचे सोडा, ट्रॅक्टरवाल्यांची फसगत याहून मोठी आहे. विक्रेत्याने मला इंजिनाचा एचपी सांगितला, पीटीओचा, म्हणजे अवजार चालवणाऱ्या मागच्या दांड्यावर मिळणारा, सांगितला नाही. रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार) त्या हिशेबाने घेतला आणि ओलसर काळ्या वावरात इंजिन दबू लागले; पेरणीचे चार दिवस गेले. पुढे मध्य प्रदेशातील बुदनीच्या ट्रॅक्टर तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल वाचला, तेव्हा समजले की पीटीओवरील पॉवर तिथे डायनोवर मोजून स्वतंत्र दिलेली असते.

लालपोलो
येथे पोलोची चर्चा चालू आहे, रोटाव्हेटरची नाही.

काळीमाती, दारव्हा
भाऊ, प्रश्न एकच आहे. बुदनीच्या अहवालात भर उन्हासारख्या तापमानातील पॉवरही वेगळी नोंदवतात. तुमच्या कागदावर मे महिन्याचा रकाना कुठे आहे? शेतकऱ्याचे उदाहरण आले की विषयांतर म्हणायचे, ही सवय मला संताप आणते.

वर्धाकाठ, हिंगणघाट
दारव्ह्याच्या भाऊंचा मुद्दा मला सुचायला हवा होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) तापतो, इंजिनात गरम हवा जाते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीची वेळ मागे घेतो आणि पॉवर घटते. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, पण विरळ हवेची बरीचशी भरपाई टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) स्वतःच करतो. त्यावर पुन्हा करेक्शन फॅक्टर (हवामानाच्या दुरुस्तीचा गुणक) लावल्यास आकडा फुगतो. घटीची टक्केवारीही स्थिर नसते, कारण टायरमधील हवा, गाडी डायनोला बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान यांनी ती बदलते. गाडी पूर्वीपेक्षा जोरात ओढते, याविषयी मात्र माझी शंका नाही; माझे वाक्य तसे वाचले गेले असल्यास दोष माझा आहे.

लालपोलो
टॉर्कच्या रेघेविषयी आपले बरोबर आहे, हे मला मान्य करावे लागते, जरी आपली भाषा मला आवडलेली नाही. मूळ मॅपची फाइल रिमॅप करणाऱ्या ट्यूनरकडे आहे. कापूस विकला गेला की एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये, तोच पंखा लावून दोन्ही मॅपवर तीन-तीन वेळा चाचणी घेईन. तोपर्यंत 142 मागे घेतो; 121 मागे घेणार नाही.