चांगला दिवस लिहायचा की वाईट?

सोमवारी चालता येतं, बुधवारी पलंगावरून उठवत नाही, मग अपंगत्व भत्त्याच्या फॉर्ममधल्या 'चालता येतं का' या रकान्यात काय लिहायचं, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मला संधिवात आहे, मीही तिथेच अडले होते. 'कधी कधी त्रास होतो' असं मोघम अजिबात लिहू नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मी लिहिलं: 'महिन्यातले साधारण १८ दिवस सकाळी बोटं वळत नाहीत. शर्टाची बटणं लावायला २० मिनिटं लागतात, शेवटचं बटण दुसऱ्याला लावावं लागतं.'

एकदा जमलं म्हणजे जमतं असं नाही. जिना चढलात आणि दुसरा अख्खा दिवस झोपून काढलात, तर तो दिवसही त्याच उत्तरात यायला हवा. ब्रिटनच्या पिप (PIP) भत्त्यात, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत, १२ महिन्यांतल्या निम्म्याहून जास्त दिवसांची स्थिती धरतात, म्हणून रोज दोन ओळींची नोंद ठेवलेली फार कामी येते. चांगले दिवसही खरे तेच लिहा.

आणि एक, फॉर्म आपण बरं वाटतं त्याच दिवशी भरायला घेतो. तेव्हा वाईट दिवस नीट आठवतच नाहीत. घरच्यांना शेजारी बसवा.