मदत हवी आहे: देवगडच्या घरी कॅमेरा रेकॉर्डिंगसाठी कुठला पीसी?

नमस्कार मंडळी. देवगडला आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. अंगण, पडवी, विहीर आणि कलमांची बाग मिळून ४ आयपी कॅमेरे लावायचेत. प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) डेटा धरला तर रेकॉर्डिंग दिवसाला साधारण १७३ जीबी, म्हणजे ४ टीबीत जेमतेम २३ दिवस. सर्व्हेलन्सवाली (सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली) हार्डडिस्क घेणार हे नक्की, प्रश्न पीसीचा आहे. घरात जुना आय५ डेस्कटॉप आहे, पण खाऱ्या वाऱ्याने मागचे स्क्रू पार गंजलेत, पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसलाय. त्यात पावसाळ्यात वीज गेली की तासन्‌तास येत नाही. इन्व्हर्टरवर तो किती तग धरणार? त्यापेक्षा इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा मिनी पीसी बरा का? त्यात ३.५ इंची डिस्क मावत नाही, मग यूएसबीवर चोवीस तास रेकॉर्डिंग भरवशाचं राहील? किनाऱ्यावर कुणी वापरत असाल तर प्लीज सांगा, हापूसच्या हंगामाआधी बसवायचंय.