सोपेपणापेक्षा परवानग्या आधी बघा

कॉलेजच्या साइटसाठी वर्डप्रेस ही साइट बनवायची प्रणाली सोपी म्हणून तीच घ्यावी, असं सुचवलं जातं. हा मुद्दा एकट्याने चालवायच्या साइटला पटतो. कॉलेजची साइट अनेक विभाग मिळून भरतात आणि तिथे घोडं अडतं ते परवानग्यांवर. वर्डप्रेसमध्ये मुळात 'ऑथर' ही भूमिका दिलेल्याला फक्त स्वतःच्या पोस्ट (बातमीसारख्या नोंदी) लिहिता येतात, पेज (साइटवरचं कायमचं पान) बनवता येत नाही. त्याला 'एडिटर' केलं, की सगळ्यांचीच पेजेस त्याच्यासाठी उघडी! मग रसायनशास्त्र विभागाकडून प्रवेशाचं पान चुकून उडू शकतं. यावर मल्टिसाइट हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो: प्रत्येक विभागाला स्वतंत्र उपसाइट, आणि नवीन प्लगिन (जादा सुविधा देणारा जोड) टाकण्याचा अधिकार फक्त सुपर अ‍ॅडमिनकडे, म्हणजे सगळ्या उपसाइटींच्या मुख्य प्रशासकाकडे. ड्रुपल या दुसऱ्या प्रणालीत मसुदा आणि मंजुरीचे टप्पे 'कंटेंट मॉडरेशन' मॉड्यूलने गाभ्यातच, म्हणजे वेगळं काही न जोडता मिळतात. मात्र सांभाळायला जाणकार माणूस कायम हवा. जुनी साइट ड्रुपल ७ वर असेल तर घाई करा, त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. तिथून पुढच्या आवृत्तीवर जाताना थीम (साइटच्या रूपाचा साचा) नव्याने लिहावी लागते, मजकूर वेगळा हलवावा लागतो.

आणि काहीही निवडा, साइटवरच्या पानांच्या जुन्या पत्त्यांची यादी आधी काढा, पीडीएफसकट. प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लावा, नाहीतर शोधयंत्रातून येणारे विद्यार्थी थेट ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' या संदेशावर आदळतील.