कुत्रीला घेऊन गडावर जायचंय, औषधांच्या पिशवीत काय घेऊ?

टेकडीकर:
आमची बुंदी चार वर्षांची, गावठी, वजन 19 किलो. आजवर वेताळ टेकडीच्या पुढे गेलेली नाही. दिवाळीनंतर तिला तिकोन्याला न्यायचं मनात आहे. घरात माणसांची पेटी आहे: बँडेड, बेटाडीन, क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, कापूस. त्यातलं तिला काय चालतं?

विचारायचं कारण म्हणजे, गेल्या रविवारी टेकडीवर तिच्या पुढच्या पायात कुसळ गेलं. मी काढायला वाकलो तर तिने माझ्यावर दात विचकले. चार वर्षांत पहिल्यांदा. टेकडीवरून घर दहा मिनिटांवर होतं म्हणून निभावलं. गडावर असं झालं तर काय करायचं, हे सुचत नाहीये.

पाणकोंबडी:
क्रोसिन आणि कॉम्बिफ्लाम आधी पेटीतून काढून ठेवा. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत. ती लंगडताना बघून जीव कळवळतो आणि हात नेमका त्याच पट्टीकडे जातो. वेदनाशामक हवं तर तिच्या डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. गांधीलमाशी चावली तर द्यायच्या गोळीचंही तेच.

काळूची आई:
दादा, तुमच्या प्रश्नातली दात विचकल्याची गोष्ट मला औषधांपेक्षा महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा काळू 24 किलोचा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याला कोरीगडावर नेलं होतं. वर तळ्याजवळ फुटलेल्या बाटलीची काच त्याच्या मागच्या पंज्याच्या गादीत घुसली. पंज्याची गादी कापली की रक्त भळाभळा येतं आणि पाय टेकला की जखम पुन्हा उघडते. माझ्याकडे बोटाएवढ्या बँडेडच्या पट्ट्या होत्या, त्या केसांवर चिकटतच नाहीत. रुमाल बांधला, तो तीनदा सुटला. भाऊ धरायला गेला तर काळूने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. ज्याच्या मांडीवर तो रोज झोपतो, त्याचा! त्यात काळूचा काहीच दोष नव्हता, त्याला दुखत होतं. मग त्या तापलेल्या पायऱ्यांवरून आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन उतरलो. रेबीजची लस काळूला दिलेली होती, तरी भावाने मनगट साबणाने धुऊन सुया घेतल्याच.

तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये सगळ्यात आधी जाते ती जाड सुती चादर. दोघांनी चारी टोकं धरली की डोली होते. गड चढायच्या आधी स्वतःला एकच विचारा: ही चालू शकली नाही तर मी हिला खाली कशी आणणार? याचं उत्तर नसेल तर बाकीची पिशवी फारशी उपयोगाची नाही.

दुसरी वस्तू तोंड बांधायची पट्टी. जाळीचा मझल नसेल तर गॉजचं लांब बँडेज चालतं: नाकाडाभोवती फेरा, हनुवटीखाली गाठ, दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुटी गाठ. पण ती उलटी करत असेल किंवा जोरजोरात धापत असेल तर तोंड अजिबात बांधू नका.

मग पायाचं सामान. सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, झाकणाला सुईने भोक पाडलं की बारीक धार येते, माती निघून जाते. बेटाडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. वर हळद भरू नका, खाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. मग गॉज दाबून धरा, घड्याळ लावून पाच मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. बोटांच्या बेचक्यांत कापसाच्या छोट्या घड्या, त्यावर कापसाचा जाड थर, क्रेप बँडेज, आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारं रंगीत बँडेज. मधल्या दोन नख्यांची टोकं बाहेर ठेवा. बोटं सुजून नख्या एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसल्या तर बँडेज आवळलंय, लगेच सोडा. वरून लहान मुलाचा मोजा.

कुसळासाठी बारीक टोकाचा चिमटा. या दिवसांत गवत वाळलेलं असतं, कुसळ कातडीत शिरलं की पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. दर थांब्याला बेचके आणि कान चाचपायचे.

रानवाटा, चिपळूण:
ताईंनी पायाचं छान लिहिलंय. आमच्याकडे फुरसं आणि घोणस जास्त, म्हणून एवढंच सांगतो: साप चावला तर चीर देऊ नका, दोरी आवळून बांधू नका, तिला चालवू नका. चादरीत उचला आणि गाडीकडे निघा. जायच्या आदल्या दिवशी वाटेवरच्या दोन-तीन डॉक्टरांना फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) आहे का ते विचारा, नंबर कागदावर लिहा. गडावर रेंजचा भरवसा नसतो, पण कागद गावातल्या माणसाच्या हातात देता येतो.

आणि ऊन. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, तो ताप समजू नका. 104 च्या वर गेलं, जीभ लालभडक झाली, पाय लटपटले, तर सावलीत घेऊन पोट, काखा, जांघा साध्या पाण्याने भिजवत राहा आणि वारा घाला. म्हणून तिच्या पिण्याच्या पाण्याशिवाय दोन लिटर जास्तीचं न्या.

गोचीड जाळू नका, रॉकेल लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची.

टेकडीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. चादरीचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. काल अंगणात तिला चादरीत बसवून बायको आणि मी जिना चढलो-उतरलो, पहिल्यांदा ती उडी मारून पळाली, तिसऱ्यांदा बसून राहिली.

काळूची आई, पंज्याला हात लावू द्यायची सवय कशी लावलीत?

काळूची आई:
रोज रात्री जेवण झाल्यावर. पहिले चार दिवस नुसता खांद्यापासून पायावरून हात फिरवायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. मग पंजा दोन सेकंद हातात. मग बोटं फाकवून बघणं. तिने पाय ओढला तर सोडून द्या, पकडून ठेवू नका. आम्हाला दीड महिना लागला. बँडेज बांधायचा सरावही त्यातच केला, आता काळू मोजा घालून घरभर हिंडतो.

टेकडीकर:
मग तिकोना डिसेंबरमध्ये. आज खांद्यापासून सुरुवात केली, कोपरापर्यंत हात लावू दिला.