इन्फ्लमेशन: सूज, दाह की आणखी काही?

रंकाळाकाठ: राजारामपुरीतल्या एका दवाखान्यासाठी हृदयरुग्णांची माहितीपत्रिका मराठीत करतोय. आशय असा: रक्तातली इन्फ्लमेशनची (म्हणजे इजा किंवा संसर्ग झाला की शरीर आतून देतं त्या प्रतिक्रियेची) पातळी वर्षानुवर्षं चढीच राहिली तर हृदयविकाराचा धोका जास्त. मी 'सूज' लिहिलं. वाचून दाखवल्यावर एका आजींनी विचारलं, "म्हंजे माझं हृदय मोठं झालंय व्हय?" 'दाह' केलं, तर शेजारचे मामा पित्ताच्या गोळीचं सांगायला लागले. काय लिहू?

धातुपाठ: 'शोथ'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'त्रिशोथीय' असा अख्खा अध्याय आहे. हाताशी शब्द असताना उसना कशाला?

गंगावेस_तालीम: सर, शोथ म्हणजे पण फुगणंच की. परत सुजेवरच आलो. आणि आजींना तो 'शोध' ऐकू येणार.

नाडीपरीक्षा: मी डॉक्टर आहे म्हणून थोडं सविस्तर. इथं मोजतात ते सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, यकृतात तयार होणारं प्रथिन. अतिसंवेदनशील चाचणीत लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण साधा ताप, दाढेचा पू, तालमीतली जबर मेहनत, कशानंही ते उसळतं आणि कारण गेलं की उतरतं. रक्तातलं सीआरपी १९ तासांत निम्मं होतं. म्हणून १० च्या वर दिसलं तर दोन आठवडे थांबून परत बघतात. एका आकड्यावर घाबरवू नका. शब्द असा हवा की 'टिकून आहे' हे त्यात यावं.

शाहूपुरी५: सीआरपी असं नुसतं लिहू नका हो. कोल्हापुरात लोक सीपीआर दवाखाना वाचतील! सीआरपीतला 'सी' कार्डियाकचा ना?

नाडीपरीक्षा: नाही ताई. न्यूमोनियाच्या जंतूतल्या 'सी' शर्करेला हे प्रथिन चिकटतं, १९३० साली ते तसंच सापडलं, त्यावरूनच नाव पडलं. हृदयाशी नातं फार नंतर जोडलं गेलं. २०१७ च्या कॅन्टोस या औषधचाचणीत कोलेस्टेरॉल न उतरवता फक्त इन्फ्लमेशन दाबली, तरी हार्ट अ‍ॅटॅक कमी झाले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले.

कागलकर: मग 'धुमस' म्हणा. गुऱ्हाळ थांबलं तरी चुलवाणात राखेखाली विस्तव धुमसतोच. आमच्याकडं जुनं दुखणंसुद्धा 'आत धुमसतंय' म्हणतात.

धातुपाठ: धुमसतो तो राग किंवा असंतोष. वैद्यकात असले शब्द घुसवले तर परिभाषा उरणार नाही.

कागलकर: परिभाषा पुस्तकात ठेवा. पत्रिका आजी वाचणार आहेत.

रंकाळाकाठ: 'रक्तवाहिन्यांच्या आत धुमसणारी सूज' असं केलं तर?

शाहूपुरी५: 'आत' महत्त्वाचं, ते राहू दे. पण सूज म्हटलं की माणूस बोटानं दाबून बघतो. फुगलेल्यालाच सूज म्हणायची सवय, दुखण्याला वेगळा शब्द. माझी आई नखुरड्याला सूज म्हणायची नाही, 'ठणका लागलाय' म्हणायची.

गंगावेस_तालीम: नखुरडं! आमच्यात 'नखुर्डं'. लिंबात बोट खोचून बसायचं.

धातुपाठ: 'नखुरडे' हेच बरोबर. नखावरून आलेला शब्द.

कागलकर: नख कळलं, पुढचं 'उरडं' कुठनं आलं?